औषधाची वाट

आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. तोवर मराठवाड्यातला रोगी बहुधा परळला, १९४१ सालच्या टाटा रुग्णालयात जाई. रोगी पोहोचे, औषधच वाट चुके. गाठीबरोबर केसांच्या मुळांनाही मारी.

१९८६ साली जपानात मात्सुमुरा व माएदा ह्यांनी दाखवले, की उंदरांच्या गाठींतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मग पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत औषध भरले, तर ते तिथेच झिरपून साचावे! युक्ती नामी, पण माणूस काही उंदीर नव्हे. पुष्कळ कण यकृतच गिळते.

तरी २००७ साली भारतात असे पॅक्लिटॅक्सेल आले, ‘नॅनोक्सेल’. हे औषध पाण्यात विरघळत नाही. जुन्या तेलकट द्रावकाची कधीकधी जीवघेणी बाधा होई. ती भीती कमी झाली. केस मात्र ह्यानेही गळतात.