बारामती, सणसर, निमगाव, इंदापूर : मुक्कामाचं गणित

परगावी कॉन्फरन्स ठरवायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्याला तीन प्रश्न पाठ असतात. जायचं कसं, उतरायचं कुठे आणि गाड्या कुठे लावायच्या. कार्यक्रम, वक्ते, सूत्रसंचालन वगैरे सगळं जमून जातं. भांडणं होतात ती खोल्यांवरून आणि पार्किंगवरून. दोनशे माणसं, दोन रात्री, एक हॉटेल, एवढ्यासाठी एक्सेल शीटची चौदा व्हर्जन्स होतात हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता हेच गणित जरा मोठं करून बघा. माणसं लाखांत. मुक्काम एक नाही, रोज नव्या गावात, आणि असे अडीच-पावणेतीन आठवडे. रजिस्ट्रेशन नाही, म्हणजे नक्की किती येणार ते कोणालाच माहीत नाही. त्यातून पाऊस. आणि हे दरवर्षी. तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरला जाते ती अशी जाते, आणि त्या वाटेचा एक चांगला लांब तुकडा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. वारीच्या भक्तीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी. मला या लेखात फक्त वरच्या तीन प्रश्नांचा इतिहास बघायचा आहे.

बारामती ते इंदापूर अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडीने तास-सव्वा तास. पालखी उंडवडी गवळ्याची इथून बारामतीला येते, तिथे रात्र काढते, मग काटेवाडीवरून सणसर, बेलवाडीवरून निमगाव केतकी (काही वर्षी मध्ये अंथुर्ण्यालाही मुक्काम असतो), मग इंदापूर, आणि शेवटी नीरेच्या काठावर सराटी. रोजचा टप्पा साधारण पंधरा-वीस किलोमीटरचा, म्हणजे म्हातारं माणूस भजन म्हणत आणि दोनदा विसावा घेत दिवसभरात चालू शकेल एवढा. मुक्कामाची यादी ही मुळात माणसाच्या पायांनी ठरवलेली आहे. मोठी गावं सोयीची म्हणून निवडली असती तर सणसर आणि सराटी त्यात आली नसती.

सुरुवात १६८५ ची. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही मिळून पंढरपूरला नेल्या. पायी वारी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. नारायणमहाराजांनी तिला पालखीचा सोहळा केलं. साल नीट बघा. १६८५ म्हणजे संभाजीराजांचा काळ. औरंगजेब दख्खनेत उतरलेला, त्याच वर्षी त्याची छावणी सोलापूरला आलेली, विजापूरचा वेढा चालू. पुढे १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं तर बादशहाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता, पंढरपूरपासून हाकेच्या नाही तरी दिवसा-दोन दिवसांच्या अंतरावर. असल्या दिवसांत कोणी नवा पायी सोहळा सुरू करेल का? आपला कोणताही प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला असता, पुढच्या वर्षी बघू :-)

असो. आता तारीख. कॉन्फरन्सची तारीख ठरवायला आपल्याकडे पोल घेतात. इथे तारीख ठरवायचा प्रश्नच नाही. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघणार, माउलींची आळंदीहून अष्टमीला, आणि आषाढ शुद्ध एकादशीला सगळे पंढरपुरात. पंचांग ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे वेळापत्रक आहे. त्यात एक मजेशीर अडचण आहे, ती म्हणजे तिथीचा क्षय आणि वृद्धी. एखाद्या वर्षी मधली एक तिथी गळते, एखाद्या वर्षी वाढते. सुरुवात आणि शेवट पक्के असल्यामुळे सगळा फरक मधे कुठेतरी जिरवावा लागतो, म्हणून एखादा मुक्काम कमी होतो किंवा एखाद्या गावी पालखी जास्त राहते. माउलींच्या वाटेवर लोणंदला ही सोय असते, तिथला मुक्काम कधी एक दिवसाचा तर कधी जास्त. शेड्यूलमध्ये बफर ठेवणं ही कल्पना आपण व्यवस्थापनाच्या पुस्तकातून शिकलो, लोणंदकरांना ती केव्हापासून माहीत आहे.

पण तारीख कळली म्हणून लाखभर माणसं झोपणार कुठे? इथे या व्यवस्थेतली मला सगळ्यात हुशार वाटणारी गोष्ट येते. लाखभर माणसांची सोय कोणी करतच नाही. सोय होते ती दिंडीची. दिंडी म्हणजे एक वीणेकरी, पखवाजवाला, टाळकरी, पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, आणि या सगळ्यांची जबाबदारी घेणारा एक प्रमुख. शंभर माणसांची असेल, पाचशेची असेल. वारकरी दिंडीकडे भिशी भरतो आणि त्यात त्याचं जेवण, तंबूतली जागा आणि सामानाची ने-आण येते. कोण आजारी, कोण मागे राहिलं, कोणाच्या पायाला फोड आले हे दिंडीला माहीत असतं. पालखीच्या व्यवस्थेने बघायचं ते एवढंच की कोणती दिंडी रथाच्या पुढे कितव्या नंबरला आणि कोणती मागे कितव्या. मध्यवर्ती सर्व्हरवर लोड येत नाही म्हणा ना.

ही शिस्त कागदावर आणि काठीवर बसवली ती शेजारच्या पालखीने. हैबतबाबा आरफळकर हे मूळचे सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. नोकरी सोडून ते आळंदीला आले आणि १८३० च्या सुमारास त्यांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढायला सुरुवात केली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. फौजेत आयुष्य काढलेला माणूस, त्याने वारीलाही फौजेसारखंच चालवलं. पहाटे कर्ण्याचे तीन इशारे : पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला तयार राहायचं, तिसऱ्याला निघायचं. रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम ठरलेला. लष्कराच्या तळाची ही पद्धत पुढे बाकीच्या पालख्यांच्या चालीतही दिसते. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या देवळाच्या पायरीशी आहे, आणि माउलींचं दर्शन घ्यायला जाणारा प्रत्येक जण आधी त्या पायरीला हात लावतो. ऍडमिन टीमला इतका मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

त्याच पालखीतली समाजआरतीही सांगायला हवी. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप वर करतो आणि टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा दुसऱ्याने बळकावली, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निकाल होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादीही तिथेच सांगतात. रोज संध्याकाळी, सगळ्यांसमोर, दिवस संपायच्या आत. आपल्या फीडबॅक फॉर्मशी तुलना करायचा मोह मी आवरतो.

आता उतरायची जागा. तुकोबांच्या वाटेवर जागा बुक होत नाही, जागा हा त्या-त्या गावाचा मान असतो. यवतला पिठलं-भाकरी गावाने करायची हे ठरलेलं आहे. काटेवाडीत पालखी आली की परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. रथ ओढायची बैलजोडी कोणाची हेसुद्धा दरवर्षी अर्ज मागवून आणि बैल पारखून ठरतं, आणि रोटी घाट चढताना जास्तीच्या जोड्या लावाव्या लागतात तेव्हा त्यासाठीही शेतकरी पुढे येतात. मान म्हणजे काम. पण ते काम आपल्याकडून काढून घेतलं तर माणूस भांडायला उठतो. आपण खर्च म्हणून मोजतो ती गोष्ट इथे वारसा म्हणून मोजली जाते, आणि म्हणून ती पुढच्या वर्षी कोण करणार हा प्रश्न येत नाही. बारामतीत पालखी शारदा प्रांगणात थांबते, माणसं शाळांत, देवळांत, मंगल कार्यालयांत, कोणाच्या ओसरीवर. गावाला कोणी ईमेल पाठवलेलं नसतं.

हे सगळं फार गोड वाटेल, तर दुसरी बाजूही सांगतो. मानाच्या व्यवस्थेत कोणाला कुठला मान हे जातीने ठरलेलं होतं, आणि कोणाची पंगत कुठे हेसुद्धा. इरावती कर्वे माउलींच्या वारीत चालल्या, आणि 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगवेगळं होतं हे लिहून ठेवलंय, आणि ते त्यांना किती लागलं तेही. आणि तेवढं चालून गेल्यावरही विठ्ठलाच्या देवळात दलितांना जाता येत नव्हतं. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ मुक्कामाची सोय होती, पण पोहोचल्यावर आत घेतील याची सगळ्यांना खात्री नव्हती.

पाण्याचं वेगळंच. आज बारामती-इंदापूर म्हटलं की ऊस आणि द्राक्षं डोळ्यांपुढे येतात, पण हा मुळात कमी पावसाचा मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला. त्यानंतर १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापुरात पाणी खेळलं. त्याआधी ज्येष्ठ-आषाढात इथून जाणाऱ्या माणसांना विहिरी आणि ओढ्यांचाच आधार. आणि जिथे गर्दी आणि पाणी एक होतं तिथे पटकी. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी वरचेवर यायच्या, आणि सरकारचं यात्रेकडे लक्ष गेलं ते आधी साथीमुळे. पुढे टँकर आले, विहिरीत औषध टाकणं आलं, आरोग्य पथकं आली. संडासांची सोय मात्र फार उशिरा, २०१५ पासून 'निर्मल वारी' या नावाने फिरती शौचालयं मुक्कामावर लागायला लागली तेव्हा. त्याआधी लाखभर माणसं गेली की मागे गावाने काय सोसायचं, ते तळाच्या शेजारी घर असलेल्या कोणालाही विचारा. बायकांचे हाल तर बोलायलाच नकोत. सोहळ्याचं नियोजन इतकं बारीक आणि ही एक गोष्ट तीनशे वर्षं कोणाच्याच यादीत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पार्किंगचा प्रश्न नव्या काळाचा वाटतो, पण सामान पूर्वीही होतंच, ते बैलगाडीवर असायचं. आता दिंडीचे ट्रक असतात, पाण्याचा टँकर असतो. त्यांना प्रशासनाकडून पास मिळतात. हे ट्रक पालखीबरोबर चालत नाहीत. सकाळी वारकरी निघाले की मागे तंबू उतरतात, ट्रक पुढच्या गावी जातात, तिथे राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. संध्याकाळी माणूस पोहोचतो तेव्हा त्याचं बोचकं त्याच्याआधी तिथे असतं. अडचण अशी की हे करायला उघडी जमीन लागते, आणि ती रस्त्यालगत लागते. शिवाय रिंगणाला लागते ती वेगळीच. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण होतं, मग इंदापुरात. घोडा दौडायचा आणि भोवती हजारो माणसं बसायची म्हणजे केवढं मैदान हवं.

मला काळजी वाटते ती या जमिनीची. पाटस-बारामती-इंदापूर-तोंडले-बोंडले हा पालखी मार्ग चौपदरी करायच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात झाली. योजनेत कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली आहे, ती चांगलीच गोष्ट. पण रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं जातात, आणि दुपारचा विसावा झाडाखालीच असतो. चौपदरी रस्ता आला की कडेच्या जमिनीचा भाव बदलतो. जे रान आषाढात आठवडाभर मोकळं ठेवणं शेतकऱ्याला परवडत होतं तिथे हॉटेल, पेट्रोल पंप, प्लॉट. बायपास गाड्यांसाठी ठीक, पण पालखी बायपासने जाऊ शकत नाही, कारण मान गावात आहे. आणि गाव दरवर्षी दाट होत चाललंय. तीनशे चाळीस वर्षं ज्या जागेचं भाडं कोणी मागितलं नाही तिच्यावर आता दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. पालखीतळांसाठी जागा राखणं हे काम पायघड्यांइतकं दिसत नाही, म्हणून ते मागे पडायची भीती जास्त.

मुक्काम काढून टाकले तर काय उरतं ते २०२० मध्ये दिसलं. करोनामुळे पायी वारी नव्हती. १२ जूनला देहूला मोजक्या लोकांत प्रस्थान झालं, पादुका तिथेच देवळात राहिल्या, आणि ३० जूनला एसटीने काही तासांत पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही एसटीच. प्रवासाचा प्रश्न इतका सोपा त्याआधी कधीच सुटला नव्हता. सणसर आणि निमगावात त्या रात्री शाळा रिकाम्या होत्या.

२०२२ ला पालखी पुन्हा पायी निघाली. यादी तीच होती, गावं तीच. सराटीचा मुक्काम हा पुणे जिल्ह्यातला शेवटचा. सकाळी नीरेत पादुकांना स्नान घालतात, पुणे जिल्ह्याचे अधिकारी निरोप देतात, पलीकडे सोलापूरचे स्वागताला उभे असतात. दिंड्यांचे ट्रक तोवर अकलूजला पोहोचलेले असतात आणि राहुट्यांचे खुंटे ठोकणं चालू असतं.