सरकारी खर्च आणि मराठवाड्याची आर्थिक वाढ : एक ऐतिहासिक विवेचन

सरकारी खर्च आणि राष्ट्राची आर्थिक वाढ यांच्या संबंधाविषयी अर्थशास्त्रात दोन मते सुपरिचित आहेत. समाजाची औद्योगिक प्रगती होत गेली म्हणजे सरकारी खर्चाचे प्रमाणही वाढत जाते, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ अडोल्फ वाग्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिपादन केले. या मताप्रमाणे वाढ हे कारण आणि खर्च हे कार्य होय. केन्सच्या १९३६ मधील ग्रंथापासून जी विचारसरणी रूढ झाली, तिने हा क्रम उलटा केला. मागणी मंदावली असता सरकारी खर्च हाच वाढीस चालना देतो, असे तिचे म्हणणे आहे. ही दोन्ही मते सामान्यतः संपूर्ण राष्ट्र हे एकक धरून मांडली जातात. प्रत्यक्षात मात्र सरकारी पैसा राष्ट्राच्या सरासरीवर खर्च होत नसतो. तो विशिष्ट नदीवर, विशिष्ट लोहमार्गावर आणि विशिष्ट गावच्या शाळेवर खर्च होतो. या दृष्टीने मराठवाड्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

१. हैदराबाद राज्याचा काळ

१८५३ साली पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्याच वर्षी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला आणि राज्याची तिजोरी अधिकच संकटात आली. वसुलाच्या मक्त्याची पद्धत हळूहळू मोडून पगारी अंमलदार नेमणे आणि १८६५ मध्ये जिलाबंदी करणे, हे सालारजंगांच्या सुधारणांचे मुख्य अंग होय. हा खर्च प्रशासकीय असला, तरी पुढील सर्व उत्पादक खर्चाचा पाया त्यानेच घातला. कारण ज्या राज्यास आपले उत्पन्न किती हे ठाऊक नाही, त्यास दीर्घ मुदतीचे काम अंगावर घेता येत नाही.

राज्यातील पहिला मोठा लोहमार्ग वाडी ते सिकंदराबाद हा १८७४ मध्ये सुरू झाला; मराठवाड्यास त्याचा फारसा उपयोग नव्हता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड या मार्गाने सिकंदराबादेस जाणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात खुली झाली. तिच्यामुळे मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. परंतु हा मार्ग मीटरगेज होता आणि मनमाड येथील मुख्य मार्ग ब्रॉडगेज. सबब प्रत्येक गाठोडे मनमाडास उतरवून पुन्हा चढवावे लागे. ही अडचण दूर होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. एकदा केलेला खर्च जशी वाट उघडतो, तशी तिची मर्यादाही दीर्घकाळ ठरवून टाकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९२२ मध्ये सर अकबर हैदरी यांनी खात्यांना तीन वर्षांच्या मुदतीने रकमा नेमून देण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे अर्थव्यवहारास स्थैर्य आले व मोठी कामे हाती घेणे शक्य झाले. त्यांतील सर्वांत ठळक काम म्हणजे १९२३ ते १९३१ या काळात बांधलेले निजामसागर. ते मांजरा नदीवर आहे. ही नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते. निजामसागराचे पाणी मात्र तेलंगणातील निजामाबादच्या शेतांस मिळाले. राज्याच्या एकूण उत्पन्नात त्यामुळे भर पडली असेल. पण ज्या प्रदेशात नदी उगम पावते, त्या प्रदेशाच्या वाट्यास ती भर आली नाही.

२. विलीनीकरणानंतर

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात खर्चाच्या वाटपाचे तत्त्व नमूद झाले. रकमा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाव्यात, मात्र मराठवाड्याच्या अविकसित स्थितीमुळे त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष पुरवावे, असे त्याचे सार होते. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) नव्या रूपात आला. त्यात विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे. लोकसंख्येच्या प्रमाणाचा उल्लेख नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्‌घाटन झाले. त्याचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर इतका योजिलेला आहे. परंतु जलाशय भरणे हे नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पावसावर अवलंबून आहे आणि तेथे मुंबई इलाख्याच्या सरकारने दारणा व भंडारदरा ही कामे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच पुरी केली होती. वरच्या अंगास आधी झालेल्या खर्चाने पाण्यावर आधीचा हक्कही निर्माण केला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद करावी लागली, तिचे मूळ येथे आहे.

उद्योगाच्या क्षेत्रात चित्र निराळे दिसते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. औरंगाबादेस प्रथम चिकलठाणा व पुढे वाळूज येथे वसाहती उभ्या राहिल्या आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. येथे जमीन, पाणी, वीज व रस्ते यांवरील सरकारी खर्चाने खाजगी भांडवलास मार्ग करून दिला. मात्र हा लाभ मुख्यतः एका शहराभोवती साचला. बीड, परभणी किंवा हिंगोलीपर्यंत तो त्या प्रमाणात पोहोचला नाही.

३. अनुशेषाचे मोजमाप

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये ठरविला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी, म्हणजे सुमारे २३.५६ टक्के होता. १ एप्रिल १९९४ च्या स्थितीस धरून निर्देशांक व अनुशेष समितीने काढलेला आकडा १४,००६.७७ कोटी रुपये होता. त्यात मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी, म्हणजे सुमारे २८.५९ टक्के होते.

एकूण आकडा चौपटीहून अधिक झाला, म्हणून मधल्या काळातील खर्च वाया गेला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उणीव भरून काढण्याची किंमत चालू दराने मोजली असता भाववाढीनेच ती फुगते. शिवाय राज्याची सरासरी स्थिर नसते. पुढारलेले जिल्हे पुढे गेले की मागासलेल्या जिल्ह्यांचे अंतर, त्यांची स्वतःची प्रगती होऊनही, कायम राहते. तथापि मराठवाड्याचा टक्का पाचांनी वाढला, याचा उलगडा भाववाढीने होत नाही. कारण भाववाढ सर्वच विभागांना लागू होती. दोन्ही समित्यांच्या कसोट्या तंतोतंत एक नव्हत्या, हे ध्यानी घेऊनही ही बाब विचारार्ह ठरते.

४. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, सरकारी खर्चाचे आकारमान हे वाढीचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. खर्च कोणत्या क्रमाने झाला, त्याचे पूरक काम वेळेवर पुरे झाले की नाही आणि त्याचे फळ कोठे पडले, हे तितकेच निर्णायक आहे. मीटरगेजचा मार्ग, मांजरेचे पाणी आणि पैठणचा जलाशय या तिन्ही ठिकाणी पैसा खर्च झाला होता. उणीव राहिली ती त्याच्या जोडणीत. १ मे १९९४ रोजी अस्तित्वात आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. वाटपाचा प्रश्न मात्र मुदतीबरोबर संपला नाही. अर्थसंकल्पातील तरतूद आणि शेतात पोहोचलेले पाणी यांतील अंतर जोवर मोजले जात नाही, तोवर खर्च व वाढ यांचा संबंध सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.