शस्त्रक्रियेनंतरचे निश्चल आतडे : औषधोपचाराचा इतिहास

उदरावरील शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही काळ मंदावते अथवा थांबते. या अवस्थेस पाश्चात्त्य वैद्यकात ‘इलियस’ अशी संज्ञा आहे. हा शब्द मूळचा ग्रीक असून ‘पिळणे, गुंडाळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला आहे. पोटात कळ आली की आपणही ‘पीळ पडला’ असे म्हणतो. परंतु प्रस्तुत अवस्थेत पीळ नसतो, की वाटेत अडथळा नसतो. आतडे नुसते निश्चल पडून असते. नावाने सुचविलेले कारण येथे लागू पडत नाही. औषधोपचाराच्या इतिहासातही खऱ्या कारणाचा शोध असाच लांबलेला दिसतो.

आतडे दुबळे झाले आहे, सबब त्यास चेतवावे, ही कल्पना दीर्घकाळ प्रबळ होती. १९३१ मध्ये एश्लिमान व राइनर्ट यांनी निओस्टिग्मीन तयार केले. असेटिलकोलीनचा नाश करणाऱ्या विकरास ते रोखते, त्यामुळे आतड्याचे आकुंचन वाढते. मात्र त्याने हृदयाची गतीही मंदावते. पुढे आलेले सिसाप्राइड हे उत्तेजक औषध तर हृदयाच्या लयीत घातक बिघाड करते असे आढळल्याने २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

वास्तविक बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे १८९९ मध्येच दाखविले होते की, उदर उघडल्यावर विशिष्ट मज्जातंतू आतड्यास दाबून धरतात. ते तोडले की हालचाल परत सुरू होते. या विचाराला अनुसरून औषध योजण्यास ७० वर्षे लागली. १९६९ मध्ये कॅचपोल यांनी प्रथम ग्वानेथिडीनने त्या मज्जातंतूंचा प्रभाव कमी करून मगच उत्तेजक द्यावे, असे सुचविले. घोड्याचा लगाम ओढून धरावयाचा आणि वर टाचही मारावयाची, यातील विसंगती त्यांनी ओळखली. तरीही हा उपाय रूढ झाला नाही.

दुसरा लगाम वैद्यांच्याच हाती होता. वेदनाशमनार्थ दिलेले मॉर्फीन आतड्यास रोखते. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अल्विमोपान मेंदूत फारसे न शिरता आतड्यातील अफूग्राहींवर मॉर्फीनला अटकाव करते. परिणामी वेदनाशमन अबाधित राहते. हृदयविकाराच्या शंकेमुळे त्याच्या १५ मात्रांची मर्यादा घालण्यात आली असून ते रुग्णालयातच द्यावयाचे असते.

कारणाविषयीची समजूत बदलली तेव्हाच उपचाराची दिशा बदलली, हे या क्रमावरून स्पष्ट होते. संज्ञा मात्र जुनीच राहिली. म्हणून वैद्यकाचा इतिहास लिहिताना संज्ञेवरून कारणाचा निर्णय करू नये.