सामायिक लायब्रऱ्यांतील बायनरी सुसंगती : मराठीच्या अर्ध्या र-काराच्या निमित्ताने

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठीतील दोन भिन्न शब्द होत. पहिला डोंगरांचा, दुसरा समुद्राचा. लेखनात त्यांचा भेद केवळ एका अर्ध्या र-काराच्या आकृतीवर अवलंबून असतो. संगणकाच्या पडद्यावर ती आकृती उमटविण्याचे काम बहुधा प्रत्येक आज्ञावली स्वतः करीत नाही. ते अनेक आज्ञावली मिळून वापरतात अशा सामायिक लायब्ररीकडे सोपविलेले असते. तेव्हा ही लायब्ररी बदलली असता जुन्या आज्ञावलींचे आणि जुन्या मजकुराचे काय होते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकालाही परका नाही.

युनिक्स परंपरेत अशा लायब्रऱ्यांचा वापर १९८० नंतरच्या दशकात, विशेषतः सनओएस ४.० (१९८८) पासून, रूढ झाला. त्यामुळे स्मृतीची बचत झाली आणि एका जागी केलेली दुरुस्ती सर्वांना मिळू लागली. परंतु परावलंबनही वाढले. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होताना लायब्ररीतील रचनांचे आकार व त्यांतील घटकांची स्थाने तिच्यात कायमची कोरली जातात. पुढे लायब्ररीकाराने एखाद्या रचनेच्या मध्यभागी नवा घटक घातला, तर जुनी आज्ञावली पूर्वीच्याच स्थानी पाहते आणि भलतीच वस्तू उचलते. मूळ संहितेचे पुन्हा रूपांतर केल्यास हा दोष जातो. पण सर्वत्र पसरलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. पुनर्रूपांतरावाचून जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीसह पूर्ववत चालणे, हीच बायनरी सुसंगती होय.

या अडचणीवरील उपाय नामकरणात सापडला. लिनक्सवरील जीएनयू सी लायब्ररी १९९७ पासून ‘लिबसी.एसओ.६’ हेच नाव धारण करून आहे. मात्र १९९९ मधील २.१ आवृत्तीपासून तिच्यातील प्रत्येक कार्याच्या नावाला आवृत्तीची खूण जोडली जाते. २०१० मध्ये ‘मेमकॉपी’ या कार्याची नक्कल करण्याची दिशा काही यंत्रांवर बदलली, आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरचा ध्वनी बिघडला. नियमाप्रमाणे चूक फ्लॅशचीच होती. तरीही २.१४ आवृत्तीत (२०११) नव्या वर्तनाला नवी खूण देण्यात आली आणि जुन्या आज्ञावलींसाठी निर्धोक वर्तन राखले गेले.

मराठीच्या बाबतीत हेच तत्त्व तीन पातळ्यांवर दिसते. पहिली पातळी संकेतांची. अर्धा र आता ‘ऱ’ आणि विराम यांनी लिहावा, असे युनिकोड सांगते. परंतु आवृत्ती २.० (१९९६) शी सुसंगती राहावी म्हणून ‘र’, विराम व शून्यरुंद जोडक हा क्रमही ग्राह्य आहे. तो क्रम नाकारला असता, तर बोनकोडे येथील एखाद्या कचेरीत आज उघडलेल्या जुन्या मजकुरातील दऱ्यांचा दर्या झाला असता. दुसरी पातळी फॉन्टची. विंडोज व्हिस्टाच्या (२००७) सुमारास देवनागरीच्या मांडणीचे नियम बदलले, तेव्हा ‘देव’ या जुन्या खुणेचा अर्थ न बदलता ‘देव२’ ही नवी खूण योजण्यात आली. तिसरी पातळी लायब्ररीची. अक्षरांची मांडणी करणारी हार्फबझ लायब्ररी दोन्ही खुणांचे फॉन्ट चालविते. तिच्या बहुतेक रचनांचे अंतरंग वापरणाऱ्यास दिसत नाही. ज्या उघड आहेत, त्यांत राखीव जागा ठेवलेली आहे. म्हणून तिच्या नावाअखेरचे शून्य आजवर बदललेले नाही.

आयसीयू या लायब्ररीने याउलट मार्ग पत्करला. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत लायब्ररीचे आणि कार्यांचेही नाव बदलते. त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी नांदतात, पण अवलंबून असलेल्या आज्ञावलींचे वारंवार पुनर्रूपांतर करावे लागते. एकीत जुन्याचा भार लायब्ररीकार वाहतो, दुसरीत तो वापरणाऱ्यांवर पडतो.

तात्पर्य, दोन्ही मार्गांचा नियम एकच आहे : नाव तेच ठेवायचे तर अर्थही तोच ठेवावा, अर्थ बदलायचा तर नावही नवे द्यावे. जेथे हा नियम मोडतो तेथे यंत्र बहुधा तक्रार करीत नाही. ते निमूटपणे दुसराच शब्द वाचकापुढे ठेवते.