गोधडी कुणी शिवली?

खूप दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त आहे एक फॉर्म. सिनसिनाटीजवळच्या आमच्या गावात दरवर्षी क्विल्ट्सचं प्रदर्शन भरतं. यंदा शेजारणीने आमच्या सोफ्यावरची गोधडी पाहिली आणि हट्टच धरला, "ही द्यायचीच." म्हटलं, देऊया. आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी, आत आजोबांची धोतरं. पन्नासेक वर्षांची तरी असेल.

फॉर्ममध्ये लांबी, रुंदी, कापड वगैरे सगळं भरलं आणि एका ओळीवर अडले. वरचे तुकडे कुणी जोडले, आणि टाके कुणी घातले? दोन वेगळे रकाने! मी आपली सवयीने दोन्हीकडे आजीचं नाव लिहिलं. मग आठवलं, आजी फार तर कडेला बसून सुईत दोरा ओवून द्यायची.

हे दोन रकाने इतक्या काटेकोरपणे का विचारतात, म्हणून वाचत बसले आणि एक जुनी गोष्ट हाती लागली. तीही आमच्यापासून दीड तासावरच्या लेक्सिंग्टनची, म्हणजे केंटकीतली.

साल १९३३. मंदीने लोक टेकीला आलेले. शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं, 'सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस'. 'सिअर्स'ने त्यानिमित्त देशभर क्विल्ट स्पर्धा जाहीर केली. (सिअर्स म्हणजे तेव्हा घरोघरी पोचणारा जाडजूड कॅटलॉग. सुयांपासून नांगरापर्यंत सगळं पोस्टाने.) पहिलं बक्षीस १००० डॉलर, म्हणजे कित्येक घरांची वर्षभराची कमाई. शिवाय प्रगतीच्या शतकावर चित्र काढून क्विल्ट केली आणि ती पहिली आली, तर वर आणखी २०० डॉलर. जत्रेत बायकांच्या हातकामाला बक्षीस द्यायची पद्धत अमेरिकेत जुनीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. पण तिथे मिळणार रिबीन आणि फार तर थोडे डॉलर. इथे हजार! सुमारे २५,००० क्विल्ट्स आल्या. आधी गावोगावच्या सिअर्सच्या दुकानांत निवड, मग विभागात, आणि शेवटी शिकागोला.

कितीतरी बायकांनी त्या दोनशेच्या आशेने गगनचुंबी इमारती, आगगाड्या, विमानं कापडावर उतरवली. रात्र रात्र जागल्या असणार. परीक्षकांनी मात्र पहिलं बक्षीस दिलं ताऱ्यांच्या एका पारंपरिक क्विल्टला. हिरव्या छटा, बारीक टाके. ती पाठवली होती लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांनी. ही क्विल्ट पुढे एलिनॉर रूझवेल्टना भेट म्हणून दिली गेली. आज ती कुठे आहे, कुणालाच पत्ता नाही.

आता खरी गंमत. गंमत कसली म्हणा. केडनबाईंचं लेक्सिंग्टनला हातकामाच्या वस्तूंचं दुकान होतं. त्या क्विल्टमधला एकही टाका त्यांचा नव्हता. पैसे देऊन दुसऱ्या बायकांकडून ती शिवून घेतली होती. स्पर्धेची अट होती की क्विल्ट स्वतः केलेली हवी. त्या बायकांना ठरलेली मजुरी मिळाली, हजारातला वाटा नाही. आणि त्या गप्प बसल्या. मंदीत हातचं काम गेलं तर पुढे काय? अनेक दशकांनी बार्बरा ब्रॅकमन आणि मेरीके वाल्डव्होगेल या दोघी अभ्यासकांनी या स्पर्धेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हे सगळं नीट मांडलं गेलं.

वाचताना मला केडनबाईंचा चांगलाच राग आला. रागारागाने चहा करायला उठले, तर टेबलावर माझाच फॉर्म!

आमच्याकडे गोधडी शिवायला एक मावशी यायच्या. माजघरात चटई, त्यावर लुगडं, मग धोतरांचे थर, वर दुसरं लुगडं. आधी मोठे मोठे टाके घालून सगळं जागेवर बसवायचं आणि मग त्या गोधडीवरच बसून कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. मी त्यांच्या मांडीशी लोळत असे. मिळायचे थोडे पैसे, जेवण आणि जोंधळे. आजीला मी कधी त्यांच्याशी वाईट वागताना पाहिलं नाही. पण त्यांचं नाव?

आईला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, गोधडीवाल्या मावशी. नाव कोण विचारतंय?" मग आत्याला लावला. आत्याने क्षणभर विचार केला आणि पहिलं नाव सांगितलं. आडनाव तिलाही आठवेना. मावशींचा नातू गावातच असतो म्हणे. त्याला विचारल्याशिवाय ते नाव इथे लिहीत नाही.

फॉर्मवर मात्र लिहिलं. आजीचं नाव खोडून दोन्ही रकान्यांत. इस्पिक इंग्लिशमध्ये पहिलं नाव, पुढे 'सातारा जिल्हा'.

बक्षीस नाही मिळालं हो. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता : टाके सारख्या लांबीचे नाहीत, आतला थर जाड-पातळ आहे. असणारच! आत दुकानातला कापूस नाही, गुडघ्यावर विरलेली धोतरं आहेत. पांढरे हातमोजे घातलेल्या एका स्वयंसेविका आजींनी कोपरा उलटून पाहिला आणि मला विचारलं, "या बाई अजून शिवतात का?"

आत्याला नातवाचा नंबर मिळवायला सांगितलाय.