मोकळ्या जागेचा हिशोब

सुताराच्या पांढऱ्या गोंदातला मुख्य पदार्थ पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या खाली तो काचेसारखा कडक, वर गेला की चिवट. थंड होताना त्याच्या लांब साखळ्या इतक्या मंदावतात की ताण ओसरायला क्षणार्धाऐवजी शंभरेक सेकंद लागू लागतात. का? डूलिटल यांनी १९५१ साली द्रवांच्या प्रवाहीपणाचा संबंध रेणूंमधल्या मोकळ्या जागेशी जोडला. १९५५ मध्ये तापमानानुसार ही मंदी किती बदलते हे सांगणारे विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचे सूत्र आले. त्यातल्या १७.४४ या आकड्यावरून काच होताना २.५ टक्केच जागा उरते, असा हिशोब निघाला. गच्च भरलेल्या एसटीत पुढचा सरकल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही, तसेच हे. कल्पना चटकन पटते, आणि माझ्या मते ती इतकी टिकली ती पुराव्यापेक्षा या सोपेपणामुळेच.

कारण नेहमीच्या दाबाखाली पदार्थ थंड होतो तेव्हा आकसतोही. मंदी कशामुळे आली हे त्यातून कळत नाही. पहिला धक्का कोव्हाक्स यांनी स्ट्रासबुर्गमध्ये दिला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी हेच पॉलिमर थंडीत मुरवले आणि ३० अंशांवर आणले. त्या वेळी त्याचे आकारमान त्या तापमानाच्या समतोलाइतकेच होते. जागाच सर्वस्व असती तर ते तिथेच थांबायला हवे होते. ते आधी फुगले, मग परत आले.

यावर कोणी म्हणेल, दाब वाढवला की हालचाल मंदावतेच ना? मंदावते, ओ'रायली यांनी १९६२ मध्ये याच पदार्थावर ते मोजले होते. पण दाबाखालच्या मोजमापांतून आकारमान स्थिर धरले तर काय होईल तेही काढता येते. स्थिर आकारमानातल्या आणि स्थिर दाबातल्या सक्रियण ऊर्जांचे, म्हणजे हालचालीसाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबरठ्यांचे, गुणोत्तर मामला निव्वळ जागेचा असेल तर ०, निव्वळ तापमानाचा असेल तर १. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे ०.६ च्या आसपास येते, म्हणजे तापमानाचे पारडे किंचित जड. पुढे २००४ मध्ये कासालिनी आणि रोलंड यांनी दाखवले की तापमानाला आकारमानाच्या ठराविक घाताने गुणले, की वेगवेगळ्या दाबांखालची मोजमापे एकाच रेषेवर बसतात. हा घात प्रत्येक पदार्थाचा वेगळा, म्हणून ही नुसती आकड्यांची जुळवाजुळव आहे, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र त्या आकड्यात अर्थ दिसतो: या गोंदाचा घात २.६, तर साध्या रेणूंच्या ऑर्थो-टर्फेनिलचा ४. साखळीतले रासायनिक बंध दाबाने फारसे आखडत नाहीत, त्यामुळे गर्दीचा जाच पॉलिमरला तितका होत नाही.