सुपे, १२ मे १८७५ : आधी वह्या काढा!

सोलापूर रोडवरून चौफुल्याला वळून मोरगावला गेला असाल, तर वाटेत सुपे लागलं असेल. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतले शेतकरी तिथल्या बाजारात जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच: वह्या आणि खतं काढा. हाती आलेले कागद तिथेच जाळले. धान्य लुटलं, काही घरंही पेटली, पण जीव घेण्यावर रोख नव्हता.

कागदांवरच राग का? अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, आपल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला. त्यात सरकारने सारा वाढवला. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षं केली होती, तीही कुळाच्या भल्यासाठी. सावकार काय करायचा? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवीन खत! अंगठा देणाऱ्याला बहुतेकदा वाचताच येत नसे. माझ्या भाषेत सांगतो: सगळा डेटाबेस एकाच्या घरात, एडिटचा हक्कही त्यालाच. कोर्टात पुरावा तोच, आणि जमीन जायची.

दंगा पुणे-नगरच्या तीसहून जास्त गावांत पसरला. लष्कर आलं, धरपकड झाली. १८७९ ला नवा कायदा आला: कोर्टाने कर्जाचा मागचा हिशेब तपासायचा, खत सरकारी रजिस्ट्रारसमोरच व्हायचं. मग बरेच सावकार गहाणखत सोडून सरळ खरेदीखतच करून घ्यायला लागले.